तारा लावण्याआधी दात काढायचे का? निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा

तारा लावून घ्यायला आलेल्या मुलाच्या तोंडात कधीकधी दोन खड्डे आधीच पडलेले असतात. घराजवळच्या दवाखान्यात कुणीतरी तोंड बघून सांगितलेलं असतं, "जागा कमी आहे, दात काढून टाकू, तारांचे डॉक्टर पुढचं बघतील." मग एक्स-रे निघतो आणि दिसतं, की काढलेले दात धडधाकट होते आणि त्यांच्या मागची दाढ मात्र रूट कॅनाल करूनही मुळाशी खराब झालेली आहे. काढायचंच होतं तर आधी तिचा विचार व्हायला हवा होता.

उलट टोकाचे लोकही तितकेच. "डॉक्टर, दात मात्र काढायचा नाही हं, बाकी काय ते करा," अशी अट घालून तीन दवाखाने फिरायचे आणि जो हो म्हणेल त्याच्याकडे तारा लावायच्या. दोन वर्षांनी दात सरळ होतात खरे, पण पुढची सगळी ओळ बाहेर कललेली असते आणि ओठ मिटता मिटत नाहीत.

दोन्हीकडे चुकलेला असतो तो क्रम. दात काढायचे की नाही, हे नोंदी, जागेचा हिशेब आणि चेहऱ्याची तपासणी झाल्यावर ठरतं. लोक मात्र तो प्रश्न पहिल्या फोनवरच विचारतात, आणि काही डॉक्टर तिथल्या तिथे उत्तरही देतात. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: तक्रार आणि वय, दोन्ही नीट लिहून काढा

"दात वाकडे आहेत" एवढ्याने भागत नाही. पुढचे दात पुढे आलेत? एकमेकांवर चढलेत? सुळा हिरडीत वर राहिलाय? वरचे दात खालच्यांना पूर्ण झाकतात? पुढचे दात एकमेकांना लागतच नाहीत, म्हणून वडापावचा तुकडा समोरून तुटत नाही? या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. तक्रार रुग्णाची स्वतःची आहे की आत्याने लग्नात टोमणा मारला म्हणून आहे, हेही बघा. चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःला नको असतील तर तो तारांना अडकवायचे रबर लावणार नाही, ब्रश नीट करणार नाही आणि दोन वर्षांचं काम साडेतीनवर जाईल.

वयाचं गणित थोडक्यात असं. पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास करून घ्यावी. याचा अर्थ तेव्हा तारा लावायच्या असा नाही. आठ ते अकरा या वयात वरच्या पुढच्या दातांत फट दिसते, ती सुळे खाली आले की बहुतेक वेळा मिटते. तिच्यासाठी घाई नको. खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या वयात काढ-घाल करायचं साधन उपयोगी पडतं. मुलींची वाढ मुलांच्या आधी सुरू होते, म्हणून मुलींसाठी ही वेळ लवकर येते. वाढ संपलेल्या माणसाच्या जबड्यांतच मोठा फरक असेल, तर नुसत्या तारांनी तो जात नाही. तिथे जबड्याच्या शस्त्रक्रियेचा पर्यायही ऐकून घ्यायला हवा.

तपासा: मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की वरच्या दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवर बाहेरून बोट फिरवा. पक्क्या सुळ्याचा उंचवटा लागायला हवा. दहा पूर्ण झाली तरी लागत नसेल किंवा एकाच बाजूला लागत असेल, तर डॉक्टरांना सांगा. सुळा टाळूकडे भरकटलेला असू शकतो. अशा वेळी दुधाचा सुळा वेळेत काढल्याने पक्क्याला वाट मिळते. दात काढण्यात उशीर करू नये अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक.

दुधाच्या मागच्या दाढा अजून पडल्या नसतील, तर आणखी एक फायदा हातात असतो. त्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या पक्क्या दातांपेक्षा रुंद असतात. खाली प्रत्येक बाजूला सुमारे २.५ मिलिमीटर जागा त्यातून सुटते. ती एका साध्या तारेने राखून ठेवली, तर हलकी दाटी तेवढ्यात सुटू शकते. बारा-तेराव्या वर्षी येणाऱ्यांची ही संधी बहुधा गेलेली असते.

## टप्पा २: तोंड आधी दुरुस्त करा

किडलेले दात भरून घ्या, दातांवरचं किटण काढून घ्या, हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते थांबेपर्यंत तारांचं नाव काढू नका. सुजलेल्या हिरडीत दात सरकवला, की आधारच्या हाडाची झीज वाढते. घरात कुणी मिश्री लावत असेल आणि तारा त्याच व्यक्तीला हव्या असतील, तर मिश्री आधी बंद. गुटखा आणि सिगारेटचंही तेच.

या टप्प्यावर फक्त किडलेल्या दातांची सोय लावा. "हा तसाही काढायचाच असेल" असं समजून धडधाकट दात काढू देऊ नका. ज्या दाताचं वाचणं शंकास्पद आहे, त्यालाही महागडी कॅप बसवण्याआधी थांबा. शक्य तिथे तात्पुरतं भरून घ्या आणि पुढे जा. कदाचित काढायच्या यादीत तोच येईल.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी आजच कागदावर लिहा: मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, रक्त लवकर न थांबण्याचा त्रास, हृदयाच्या झडपेचा आजार, निकेलची ॲलर्जी, गर्भारपण. चाळिशी-पन्नाशीतल्या बायका हल्ली तारा लावून घेतात, आणि ते चांगलंच आहे. पण हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते सांगायला विसरू नका. त्यातल्या काही औषधांमुळे दात काढलेली जखम भरायला आणि दात सरकायलाही अडचण येते.

## टप्पा ३: डॉक्टर निवडा, आणि रेल्वेचा नकाशा बघून निवडा

बीडीएस झालेला दंतवैद्य आणि त्यापुढे तीन वर्षं ऑर्थोडॉन्टिक्समध्ये (दात आणि चावा सरळ करण्याच्या शास्त्रात) एमडीएस केलेला तज्ज्ञ, हे दोघे वेगळे. दात काढायचे की नाही हे ठरवायला हा तज्ज्ञ हवा. राज्याच्या दंत परिषदेकडची नोंदणी आणि पदवी विचारण्यात संकोच नको.

मुंबईत बऱ्याच दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून एक-दोनदा येतो, बाकी दिवस दवाखाना दुसऱ्या डॉक्टरांचा. ही पद्धत वाईट नाही. फक्त तीन गोष्टी विचारा. आराखडा कोण करणार? मधल्या दिवसांत तार टोचली तर कोण बघणार? तज्ज्ञाने येणं बंद केलं तर काय?

खर्चाचा ताण असेल तर दोन सरकारी जागा आहेत. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च बराच कमी, तपासणी सहसा अधिक काटेकोर. वेळ मात्र जातो: रांग असते, सकाळी यावं लागतं, आणि विद्यार्थ्याची तीन वर्षं संपली तर तुमची फाइल दुसऱ्याकडे जाते. हे आधी माहीत असलं की चिडचिड होत नाही.

दर चार ते सहा आठवड्यांनी, दीड-दोन वर्षं जायचं आहे. बदलापूरला राहून दादरचा नावाजलेला दवाखाना निवडणारे लोक आठव्या महिन्यापासून भेटी चुकवायला लागतात. आपल्या लाइनवरचा, स्टेशनपासून चालत जाण्याजोगा डॉक्टर बघा. बोरिवलीच्या माणसाने ठाणं धरू नये.

## टप्पा ४: नोंदी घ्या. त्यांच्याशिवाय पुढे सरकू नका

किमान चार गोष्टी लागतात:

१. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे. यात न उगवलेले, मुळात नसलेले, आडवे अडकलेले दात दिसतात. मुळं आखूड आहेत का, हाड किती उरलंय, रूट कॅनालच्या टोकाशी डाग आहे का, हेही.

२. डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, ज्याला दवाखान्यात नुसतं "सेफ" म्हणतात. दात पुढे कललेत की जबडाच पुढे आहे, हे यावरून मोजता येतं.

३. दातांचं माप. प्लास्टरचा साचा किंवा स्कॅन.

४. फोटो. समोरून, बाजूने, हसताना, आणि तोंडाच्या आतले.

त्रिमितीय स्कॅन सहसा सुळा अडकण्यासारख्या खास कारणासाठीच लागतो. तो सगळ्यांना सांगितला जात असेल, तर कशासाठी ते विचारा.

थांबा: तोंडात आरसा घालून अर्ध्या मिनिटात "चार दात काढावे लागतील" असं उत्तर मिळालं, तर ते फार तर अंदाज म्हणून घ्या. "काढायची गरज नाही, आमच्याकडे नवीन टेक्नॉलॉजी आहे" हे उत्तरही त्याच लायकीचं. तार आपोआप धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटमुळे (दातावर चिकटवलेल्या, तार अडकवायच्या छोट्या तुकड्यामुळे) दात काढणं टळतं, असा प्रचार बराच झाला. त्याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. ब्रॅकेट कोणतंही असो, जबड्यातली जागा तेवढीच असते.

एक्स-रे सेंटरकडून मूळ प्रतिमा मागून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेला अंधूक फोटो दुसऱ्या डॉक्टरला उपयोगाचा नसतो, आणि मग तोच एक्स-रे पुन्हा काढावा लागतो.

## टप्पा ५: जागेचा हिशेब समजून घ्या

हा टप्पा लोक सोडून देतात, आणि खरा निर्णय इथेच असतो. तो डॉक्टरांनी करायचा आहे, पण आकडे तुम्हाला समजायला हवेत. ते अवघड नाहीत.

साच्यावर खालच्या जबड्यातल्या, दाढा सोडून, दहा दातांची रुंदी मोजतात. समजा बेरीज ६६ मिलिमीटर आली. मग पितळेची पातळ तार पहिल्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दाढेपर्यंत दातांच्या कमानीवर ठेवून मोजतात. ती भरली ६०. म्हणजे ६ मिलिमीटर जागा कमी. ही झाली दाटी.

इथे थांबणारा हिशेब अपुरा. पुढचे दात बाहेर कललेले असतील आणि ते २ मिलिमीटर आत घ्यायचे असतील, तर प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे आणखी ४ मिलिमीटर लागतात. एकूण १० झाले. खालच्या ओळीला बाजूने बघितल्यावर खोलगटपणा असेल, तर ती सपाट करायलाही थोडी जागा जाते.

आता जमेची बाजू. दोन्ही बाजूंचा पहिला उपदाढेचा दात (सुळ्याच्या लगेच मागचा) काढला, तर प्रत्येकी साधारण ७ म्हणजे १४ मिलिमीटर मिळतात. आपल्याला हवेत १०. उरलेल्या चारचं काय? मागच्या दाढा प्रत्येकी दोन मिलिमीटर पुढे सरकवून ती जागा बंद करायची. दाढा किती पुढे येऊ द्यायच्या यावर डॉक्टरांचं निम्मं कौशल्य असतं. त्या ठरल्यापेक्षा जास्त आल्या, तर पुढचे दात आत जायला जागाच उरत नाही, आणि दात काढूनही चेहरा होता तसाच राहतो.

ढोबळ नियम असा: कमतरता ४ मिलिमीटरच्या आत असेल तर दात काढायची वेळ क्वचित येते. १० किंवा जास्त असेल तर बहुतेक वेळा काढावे लागतात. पाच ते नऊमध्ये वाद असतो. तिथे दोन चांगले डॉक्टर वेगळं सांगू शकतात, आणि दोघांचंही बरोबर असू शकतं. अशा रुग्णाने पुढचा टप्पा जास्त मन लावून वाचावा.

तपासा: डॉक्टरांना विचारा, "वर किती मिलिमीटर कमी आहे, खाली किती?" आकडा मिळाला नाही, तर हिशेब झालेला नाही.

## टप्पा ६: चेहरा बघा, ओठ मिटून आणि ओठ सैल सोडून

घरी करून बघा. मुलाला खुर्चीत सरळ बसवा, खिडकीच्या उजेडात. लाळ गिळून ओठ अगदी सैल सोडायला सांगा. वरच्या-खालच्या ओठांत किती फट राहते ते बघा. तीन-चार मिलिमीटरपर्यंत ठीक. मग ओठ मिटायला सांगा, आणि नजर हनुवटीवर ठेवा. ओठ मिटताना हनुवटीची कातडी ताणून संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत झाली, तर दात इतके पुढे आहेत की ओठ मिटायला स्नायूला जोर लावावा लागतोय. अशा चेहऱ्यावर दात न काढता दाटी सोडवली, तर पुढचे दात आणखी बाहेर जातील.

आता बाजूने बघा. नाक मोठं, हनुवटी पुढे, ओठ पातळ आणि आत, असा चेहरा असेल तर उलट सावधगिरी हवी. इथे दात काढून पुढची ओळ मागे नेली, की ओठ आणखी आत जातात. वय वाढतं तसे ओठ पातळ होतात आणि नाक-हनुवटी ठळक होतात, हेही धरून चालावं. सोळाव्या वर्षी छान दिसणारी बाजू पन्नाशीत बसकी वाटू शकते.

तिसरी गोष्ट घरी नीट कळत नाही, पण विचारायला हवी: खालच्या पुढच्या दातांसमोरची हिरडी आणि हाड. ते पातळ असेल तर दात बाहेर ढकलल्यावर हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. अशा तोंडात "दात वाचवले" म्हणून आनंद मानण्यात अर्थ नसतो.

चावाही बघितला जातो. पुढचे दात एकमेकांना लागत नसतील, तर दात काढून पुढचे आत घेतल्यावर ती फट मिटायला मदत होते. वरचे दात खालच्यांना खोलवर झाकत असतील आणि चेहरा आखूड असेल, तर चांगला डॉक्टर दात काढायला सहज तयार होत नाही.

घरच्यांच्या शंकांबद्दल इथेच बोलून घेऊ. वरचा दात काढला की नजर अधू होते, असं आजी हमखास सांगते. दातांना संवेदना देणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी, त्यामुळे तसं काही होत नाही. "गाल बसतील" ही भीती थोडी जास्त ऐकण्यासारखी आहे. योग्य चेहऱ्यात, योग्य हिशेबाने दात काढले तर चेहरा बिघडत नाही. अयोग्य चेहऱ्यात काढले तर ओठ आत जाऊ शकतात. दात काढल्यामुळे जबड्याच्या सांध्याचं दुखणं मागे लागतं, हेही सिद्ध झालेलं नाही.

## टप्पा ७: दात न काढता जागा कुठून मिळते ते विचारा

चार मार्ग आहेत, आणि चौघांनाही मर्यादा आहेत.

दातांच्या कडा किंचित घासणं: दोन दातांच्या मध्ये साधारण अर्धा मिलिमीटर. पुढच्या सहा दातांत पाच सांधे, म्हणजे अडीच मिलिमीटर. किड सहज धरणाऱ्या दातांत हे टाळलेलं बरं.

कमान रुंद करणं: वरचा जबडा खरोखर अरुंद असलेल्या वाढत्या वयातल्या मुलात उत्तम. मोठ्या माणसाच्या खालच्या कमानीत रुंदी वाढवून मिळालेली जागा पुढे पुन्हा कमी होण्याची शक्यता जास्त.

दाढा मागे नेणं: हिरडीत हाडाला छोटे स्क्रू लावून हल्ली हे बरंच जमतं. मागे अक्कलदाढ अडून बसली असेल तर ती काढावी लागते. म्हणजे "दात न काढता" म्हणत दोन काढले जातातच, फक्त मागचे.

पुढचे दात बाहेर कलवणं: सगळ्यात सोपं, म्हणून सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. मागच्या टप्प्यातल्या तपासण्या केल्या असतील तर हे तुम्हाला परवडेल का, ते कळेल.

आणि हो, अक्कलदाढा काढल्याने पुढच्या दातांची दाटी आपोआप सुटत नाही. अक्कलदाढांमुळेच पुढचे दात वाकडे होतात, यालाही भक्कम पुरावा नाही.

## टप्पा ८: कोणते दात, हे आकड्यात आणि शब्दात लिहून घ्या

बहुतेक वेळा सुळ्यामागचा पहिला उपदाढेचा दात निवडतात. कारण सोपं आहे: तो कमानीच्या त्या बाजूच्या मधोमध असतो, जागा दाटीच्या जवळ मिळते, आणि तो गेल्यावर त्याच्यासारखाच दुसरा त्याच्यामागे उभा असतो. पण दर वेळी चारच काढायचे असं नाही. कधी फक्त वरचे दोन, कधी दुसरे उपदाढेचे, कधी खालचा एकच पुढचा दात.

इथे एक प्रश्न न विसरता विचारा: "माझ्या तोंडात आधीच खराब झालेला दात आहे, त्याच्याऐवजी हा चांगला का?" पहिल्या दाढा सहाव्या वर्षी येतात, सगळ्यात आधी किडतात. अर्धी उरलेली, मुळाशी पू झालेली दाढ ठेवून शेजारचा निरोगी दात काढणं कधीकधी बरोबर असतं, कारण दाढेची मोठी जागा बंद करायला वेळ आणि कष्ट दोन्ही जास्त लागतात. पण याचा विचार झालेला असावा, आणि कारण तुम्हाला सांगितलेलं असावं.

दात काढणारा डॉक्टर वेगळा असेल तर चिठ्ठी लागते. तिच्यावर दातांचे क्रमांक असतात. पहिले चार उपदाढेचे असतील तर १४, २४, ३४, ४४. पहिला आकडा बाजूचा: १ वरची उजवी, २ वरची डावी, ३ खालची डावी, ४ खालची उजवी. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून दात कितवा ते सांगतो. काही डॉक्टर दुसरी पद्धत वापरतात, म्हणून खाली शब्दांतही लिहून घ्या: "वरचा उजवा, पक्क्या सुळ्यामागचा पहिला."

थांबा: मोजताना घोळ होतो तो दुधाचा सुळा टिकून राहिला असेल किंवा मुळात एखादा दात आलेलाच नसेल तेव्हा. मग चौथा वाटणारा दात चौथा नसतो. चिठ्ठीसोबत ओपीजी घेऊन जा, आणि इंजेक्शन देण्याआधी आरशात बोट लावून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. यात कुणाचा अपमान होत नाही.

## टप्पा ९: लेखी आराखडा आणि खर्चाचा कागद

कागदावर हवं ते असं: निदान, काढायचे दात, न काढता करायचा पर्याय आणि त्याचा तोटा, अंदाजे कालावधी, धोके. धोक्यांत मुळं थोडी आखूड होणं, ब्रश नीट न केल्यास दातांवर पांढरे डाग, मोठ्या माणसांत दातांच्या मध्ये हिरडीजवळ काळे त्रिकोण दिसणं, हे लिहिलेलं असावं. धोके न सांगणारा डॉक्टर मला गोड बोलणाऱ्या एजंटसारखाच वाटतो.

पैशांचं विचारताना एकूण आकड्यात काय धरलंय ते विचारा. एक्स-रे, दात काढणं, छोटे स्क्रू, तुटलेलं ब्रॅकेट, आणि तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचे रिटेनर. रिटेनर वेगळे धरलेले असतात आणि शेवटी पैसे संपलेले असतात, हे नेहमीचं. बहुतेक आरोग्य विम्यांत तारांचा खर्च मिळत नाही.

तारांऐवजी पारदर्शक अलायनर (दातांवर बसणारे, काढ-घाल करायचे साचे) हवे असतील तर दात काढण्याच्या केसमध्ये ते जास्त अवघड पडतात, कारण मोठी जागा बंद करताना दात सरळ उभे न सरकता झुकतात. जमतं, पण डॉक्टरने अशा केसेस पूर्ण केलेल्या हव्यात आणि रुग्णाने दिवसाला वीस-बावीस तास ते घातले पाहिजेत.

टप्पा ५ मधल्या पाच ते नऊ मिलिमीटरच्या पट्ट्यात असाल तर दुसरं मत घ्या. नोंदी घेऊन जा, पण पहिल्या डॉक्टरने काय सांगितलं ते आधी बोलू नका.

काही सीमेवरच्या केसेसमध्ये डॉक्टर आधी तारा लावून चार-सहा महिने दात सरळ करतात, मग पुन्हा नोंदी घेऊन ठरवतात. हा मार्ग मला पटतो, अट एवढीच की पुनर्विचाराची वेळ आराखड्यात लिहिलेली असावी.

## टप्पा १०: दात काढायचा दिवस

तारा कधी लावायच्या ती तारीख आधी नक्की करा, मग दात काढा. मध्ये एक-दोन आठवडे पुरेत. दात काढून सहा महिने गावी राहून आलात, तर तिथलं हाड अरुंद होतं, शेजारचे दात झुकतात, आणि मिळालेली जागा नको तिथे वापरली जाते. मे महिन्यात कोकणात जायचं असेल तर दात परतल्यावर काढा. दहावी-बारावीच्या फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेच्या तोंडावरही नको. लग्न सहा महिन्यांवर असेल, तर सुळ्यामागची फट फोटोत दिसणार हे मान्य करा किंवा लग्नानंतर सुरू करा.

चार दात एकाच बैठकीत काढायची गरज नसते. एका बाजूचे वरचा-खालचा, आठवड्याने दुसऱ्या बाजूचे. म्हणजे एका बाजूने जेवता येतं.

उपाशीपोटी जाऊ नका. संकष्टीचा उपास असेल तर दुसरा दिवस घ्या. भूल फक्त तेवढ्या जागेची असते आणि रिकाम्या पोटी चक्कर येते. नंतर:

- कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. मधेमधे काढून बघू नका.
- त्या दिवशी थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. रक्ताची गाठ निघून येते.
- ओठ बधिर असेपर्यंत लहान मुलांवर लक्ष ठेवा. नकळत ओठ चावून घेतात.
- गार दही-भात, गार मऊ खिचडी. गरम चहा त्या दिवशी नाही.
- कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या चोवीस तासांनंतर.

दुखणं रोज कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढलं, कानापर्यंत जायला लागलं, तोंडाला वास आला, तर गोळी वाढवत बसू नका, दवाखान्यात जा. जखमेतली गाठ निघाली असावी, ती साफ करून औषध भरावं लागतं.

## टप्पा ११: तारा लागल्यावर

पहिले काही महिने दात सरळ होतात, जागा तशीच दिसते. घाबरू नका. नंतर जागा बंद व्हायला लागते, साधारण महिन्याला एक मिलिमीटर. चौपाटीवरचं भाजलेलं कणीस, ऊस, चिक्की आणि दिवाळीतली कडक चकली बंद. कणसाचे दाणे सुरीने काढून खाल्ले तर चालतात.

तपासा: दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारा, "पुढचे दात किती मागे गेले, दाढा किती पुढे आल्या?" टप्पा ५ मधले आकडे सोबत ठेवा. मधेच एकदा ओपीजी काढून मुळांची स्थिती बघून घेतलेली बरी. दात काढलेली जागा पूर्ण बंद झाल्याशिवाय, आणि शेजारच्या दोन दातांची मुळं एकमेकांना समांतर आल्याशिवाय तारा काढायची घाई करू नका. वरून टेकलेले पण मुळाशी फाकलेले दात पुन्हा फट दाखवतात.

तारा काढल्या त्याच दिवशी रिटेनर हातात हवा. "पुढच्या आठवड्यात या" चालत नाही, दात आठवड्यात हलतात. सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके तास, पुढे रोज रात्री, आणि हे वर्षानुवर्षं. रिटेनर गरम पाण्याने धुवायचा नाही, वाकडा होतो. हॉटेलात टिश्यूत गुंडाळून टेबलावर ठेवायचा नाही, वेटर ताटासोबत उचलून नेतो. डबी दप्तरात किंवा पर्समध्ये कायम ठेवा, आणि रिटेनर घालताना घट्ट लागायला लागला तर त्याच आठवड्यात दवाखान्यात फोन करा.